जर्मनीला जातोय: तिकडे गाडी घ्यावीच लागेल का, आणि इथल्या गाडीचं काय करू?

वाशिष्ठीकाठ
नमस्कार मंडळी. मी चिपळूणचा, लोट्याला एमआयडीसीत मेंटेनन्सला आहे, ११ वर्षं झाली. आता जर्मनीतली ऑफर आलीये, स्टुटगार्टपासून ट्रेनने पाऊण तास आणि मग पुढे आत एक गाव आहे तिथे कारखाना. पगार महिना ४६०० युरो ग्रॉस, हातात ३३००-३४०० पडतील असं एचआरवाली बाई म्हणते. बायको आणि ४ वर्षांची मुलगी बरोबर येणार.

आता गोंधळ असा की घराचे दोन पर्याय आहेत. एक कारखान्याच्या गावातच, ७८० युरो, पण तिथे दुकान ३ किमीवर आणि बस म्हणे तासाला एक. दुसरं स्टेशन असलेल्या जरा मोठ्या गावात, १०५० युरो, तिथून ट्रेनने कामावर जाता येईल, अर्धा तास. पहिलं घेतलं तर गाडी लागेल असं सगळे म्हणतात. मग २७० युरो वाचवून गाडी घ्यावी का? तिकडे गाडीला महिन्याचा खरा खर्च किती येतो? यूट्यूबवर बघितलं तर एक जण म्हणतो जर्मनीत गाडी म्हणजे चैन, दुसरा म्हणतो गाडीशिवाय अपंग. कोणी प्रत्यक्ष राहिलेलं असेल तर सांगा.

दुसरं म्हणजे दारात २०१४ ची वॅगनार आहे, ६२ हजार किमी झालीये. विकायची म्हटलं तर बाबा ऐकत नाहीत.

गजाली
मी काय म्हणतंय, आधी थंय पोच तरी. गाडयेचा मगे बघूया. आमचो एक शेजारी दुबयक जाताना हेल्मेट घेवन गेल्लो.

देवगडी_काका
अभिनंदन! गाडी विकून टाका. माझा मुलगा २०१७ ला बाहेर गेला, गाडी आमच्याकडे ठेवून. आंब्याखाली उभी असायची, चिकाने टप खराब झाला, उंदरांनी वायरिंग खाल्लं ते दोनदा, तिसऱ्यांदा मेकॅनिक म्हणाला काका आता नुसती धुऊन पूजा करा. समुद्राची हवा आहे इथे, खाली चेसिसला गंज लागतो तो दिसत नाही. वर्षातून दोन वेळा तो येणार म्हणून ती ठेवायची, आणि आला की बॅटरी डाउन. पहिला दिवस धक्का मारण्यात.

तिरफळ
काका, धक्का मारायला अख्खी वाडी येते हे काय कमी आहे. जर्मनीत कोण येणार.

नेकारवरचा_कुडाळकर
मी त्याच भागात ६ वर्षं आहे, सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट लायसन्स. आपलं भारतीय लायसन्स इथे राहायला आल्यापासून फक्त ६ महिने चालतं, सोबत जर्मन भाषांतर ठेवायचं. त्यानंतर चालवली तर विनालायसन्स धरतात. भारताचं लायसन्स नुसतं बदलून मिळत नाही, लेखी आणि प्रॅक्टिकल दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. त्यातल्या त्यात बरं एवढंच की नवशिक्याला जे ठरावीक तास सक्तीचे असतात ते आपल्याला लागत नाहीत, पण ड्रायव्हिंग स्कूलमध्ये नाव घालावंच लागतं, आणि तो मास्तर तयार होईपर्यंत परीक्षेला नेत नाही. मला सगळं धरून १५०० च्या आसपास लागले कारण एकदा नापास झालो. लेखी इंग्रजीतून देता येते, ३० प्रश्न.

नापास कसा झालो ते ऐका, म्हणजे तुमचे पैसे वाचतील. ताशी ३० किमीच्या झोनमध्ये, घरांच्या गल्लीत, उजवीकडून एक बारीक रस्ता येऊन मिळतो, काही पाटी नाही, पट्टा नाही. तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला असतो. मी कुडाळच्या बाजारपेठेत शिकलेला माणूस, मोठा रस्ता माझा म्हणून सरळ निघालो. कोणी येत पण नव्हतं हो! पण मी तिकडे मान वळवून बघितलंच नाही, म्हणून परीक्षकाने पुढच्या कोपऱ्यावर गाडी बाजूला घ्यायला सांगितली. १८ मिनिटात परीक्षा संपली. मास्तर नंतर म्हणाला, मान वळव, मान, डोळे नकोत. आरशात बघून चालत नाही, खांद्यावरून मागे बघताना त्यांना दिसलं पाहिजे.

आता खर्च. माझी छोटी हॅचबॅक, २०१३ ची, ५५०० ला घेतली. पाच वर्षांनी २००० ला गेली असं धरलं तर महिना ५८ घसारा. विमा ९५, याचं खाली लिहितो. रोड टॅक्स वर्षाला ११० च्या आत, म्हणजे ९. पेट्रोल महिना ८०० किमी धरून १.७५ च्या भावाने ९० च्या आसपास. हिवाळ्याचे टायर वेगळे ठेवावे लागतात, वर्षातून दोनदा बदलायला जा, त्याचे १२. दर दोन वर्षांनी तपासणी असते, आणि सर्व्हिसिंग, ब्रेक वगैरे मिळून ५०. भाड्याच्या बिल्डिंगमध्ये पार्किंगचे वेगळे ५०. झाले जवळपास ३६५. हे काही मोडलं नाही तर.

विमा इथे गाडीपेक्षा माणसाचा इतिहास बघतो. किती वर्षं क्लेम नाही त्यावर क्लास ठरतो आणि नवीन माणूस तळाच्या क्लासला. भारतात १५ वर्षं चालवली हे माझ्या कंपनीने कानावर पण घेतलं नाही.

वाशिष्ठीकाठ
बापरे, खूपच उपयोगी. म्हणजे ७८० + ३६५ = ११४५ आणि स्टेशनवालं १०५० + पास. पास केवढ्याला?

नेकारवरचा_कुडाळकर
डॉइचलांड टिकट, २०२३ च्या मे मध्ये ४९ ला सुरू झालं, मग ५८, २०२६ पासून ६३. सगळ्या लोकल गाड्या, बस, ट्राम देशभर चालतात, लांब पल्ल्याच्या फास्ट गाड्या नाहीत. म्हणजे १११३. ३२ युरोचा फरक राहिला बघा.

मेथांबा
वहिनींचं तिकीट कोणी धरायचं? दोन पास केले तर ११७६, मग गाडीवालं गाव स्वस्त. गणितात एक माणूस विसरलात तुम्ही दोघं.

नेकारवरचा_कुडाळकर
बरोबर पकडलंत. पण बायको रोज कामावर जाणार नसेल तर तिला सुटी तिकिटं पुरतील. आणि ६ वर्षांखालच्या मुलांना बस-ट्रेन फुकट आहे.

सोलकढी
मी रत्नागिरीची, सध्या कॅनडात ब्रँप्टनला. फरक ३२ चा की ३१ चा हे सोडा हो. आम्ही पहिलं वर्ष अशाच "स्वस्त" घरात काढलं. नवरा गाडी घेऊन सकाळी ७ ला जायचा, मी आणि ३ वर्षांचा मुलगा घरात. बसस्टॉप ११ मिनिटांवर, उन्हाळ्यात ठीक आहे, जानेवारीत स्ट्रोलरची चाकं बर्फात रुतून बसतात, एकदा अर्ध्या वाटेवरून परत आले, मुलाचा एक बूट कुठे पडला तो एप्रिलमध्ये बर्फ वितळल्यावर सापडला. खरंच. तो बूट अजून ठेवलाय मी.

कुठल्याही एक्सेलमध्ये हा कॉलम नसतो. स्टेशनजवळचं घर घ्या.

बाकी इथला विमा विचारू नका. ब्रँप्टन म्हटलं की आकडा वर, आम्हाला पहिल्या वर्षी महिना ३१० डॉलर होता, गाडीचा हप्ता त्याच्यापेक्षा थोडाच जास्त. पिनकोडवर दर ठरतो.

दाभोळ_दुबई
अस्सलाम वालेकुम, नमस्कार. दुबईत १९ वर्षं झाली. आमच्याकडे पेट्रोल स्वस्त म्हणून लोक उड्या मारतात. खर्च पेट्रोलचा नाहीच. भाडं परवडत नाही म्हणून शारजात राहायचं आणि दुबईत नोकरी, म्हणजे रोज सकाळी दीड तास ब्रेकवर पाय. सालिकचा टोल ४ दिरहाम होता तो २०२५ च्या जानेवारीअखेरपासून गर्दीच्या वेळी ६ केला, जाताना दोन गेट येताना दोन, महिन्याचा हिशोब करा. आणि लायसन्स काढताना मी तीनदा फेल. माझा मामू पाचदा. आमच्या खाडीकाठच्या गावात जेवढी गल्फची माणसं आहेत ना, त्यांच्या फेल झालेल्या टेस्टांच्या पैशात दाभोळ ते धोपावे पूल झाला असता, फेरीबोटीची गरज राहिली नसती.

तिरफळ
पूल नको, फेरीबोटीतून गाडी जाताना बाहेर उतरून भजी खायला मिळते ती बंद होईल.

काजूबोंडू
सिंगापूरवाल्यांना कोणी विचारतच नाही. इथे गाडी घेण्याआधी गाडी घेण्याचा परवाना लिलावात घ्यावा लागतो, सीओई म्हणतात, १० वर्षं चालतो. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये छोट्या गाडीचा नुसता परवाना १ लाख ६ हजार सिंगापूर डॉलर झाला होता. नुसता कागद! गाडी वेगळी. आमच्या सावंतवाडीत तेवढ्यात घर, विहीर आणि वर काजूची बाग येते. मी एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने फिरतो, सुखी आहे, १४ वर्षांत एकदाही पार्किंग शोधलं नाही.

गजाली
आणि थंय पेट्रोल भरूक मलेशियाक जातत ना रे?

काजूबोंडू
हो पण जाताना टाकी पाऊण भरलेली लागते नाहीतर नाक्यावर दंड. सरकार हुशार आहे.

उकडगरे
सिंगापूर दुबई सोडा, धागाकर्त्याचा दुसरा प्रश्न कोणी नीट घेतलाच नाही. आरटीओची कामं बघतो मी, ३ गोष्टी सांगतो.

गाडी ठेवायचीच असेल तर जाण्यापूर्वी वडिलांच्या नावावर करा. फॉर्म २९ आणि ३०, कर्ज होतं आणि फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि ३५ नंबरचा फॉर्म, बोजा उतरवून घ्या. नंतर विकायची वेळ आली की सही तुमची लागते आणि तुम्ही तिकडे, मग मुखत्यारपत्र, वकिलात, नोटरी, कुरियर, सगळं एका वॅगनारसाठी. शिवाय २०१४ ची आहे म्हणजे २०२९ ला १५ वर्षं होतात, तेव्हा नोंदणीचं नूतनीकरण आणि फिटनेस आलंच.

विम्याचं नाव पण बदला, मालक बदलला की १४ दिवसांत ट्रान्सफर करायचं असतं. लोक विसरतात आणि क्लेमच्या वेळी रडतात.

आणि गाडी नावावरून काढली की तुमचा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) तुमच्याकडे राहतो, गाडीबरोबर जात नाही. विमा कंपनीकडून त्याचं पत्र मागून घ्या, ३ वर्षांच्या आत परत आलात आणि गाडी घेतलीत तर इथे वापरता येतो.

मेथांबा
हे पत्र मागाच. मी लीड्सला आलो तेव्हा एका कंपनीने धरलं, दोघांनी नाही धरलं, पण ज्याने धरलं त्याच्याकडे पहिल्या वर्षी ३०० पौंड कमी पडले. इंग्रजीत, लेटरहेडवर, किती वर्षं क्लेम नाही हे स्पष्ट लिहून घ्या. टक्केवारी लिहितात त्याचा तिकडे कोणाला अर्थ लागत नाही.

यूकेत एक सुख, स्टिअरिंग आपल्यासारखं उजवीकडे, आणि आपलं लायसन्स १२ महिने चालतं. मी ११ महिने आळस केला आणि मग प्रॅक्टिकलची तारीखच मिळेना. ५ महिने नवीन गाडी दारात आणि मी बसमध्ये. विम्याचे हप्ते मात्र चालू.

देवगडी_काका
वॅगनार पुरात होती का हो? चिपळूण म्हणालात म्हणून विचारतो.

वाशिष्ठीकाठ
हो काका. २२ जुलै २०२१. सीटपर्यंत पाणी होतं. इंजिन चालू केलं नव्हतं म्हणून वाचली, टो करून नेली, कार्पेट सगळं काढून गच्चीवर वाळत घातलं होतं, त्यातून पुढे महिनाभर चिखलाचा वास. क्लेम मिळाला पण अजून पावसाळ्यात उजव्या मागच्या दाराची काच खाली जाते ती वर येत नाही. आता विकायला काढली की गिऱ्हाईक एमएच ०८ आणि चिपळूण ऐकलं की पहिला प्रश्न तोच. खोटं बोलवत नाही, त्यामुळे भाव पडतो. बाबा म्हणतात पुरातून वाचलेली गाडी विकत नसतात.

देवगडी_काका
बाबांचं बरोबर आहे. वर मी लिहिलेलं मागे घेतो.

तिरफळ
काका एका पुरात फिरले.

चिकू_पालघर
जर्मनीत हायवेला वेगमर्यादा नाही म्हणतात, आपल्या मुंबई-गोव्यावर पण नाही, खड्डेच ठरवतात.

सोलकढी
हा जोक येणारच होता, मी मगापासून वाट बघत होते. कशेडीचा बोगदा झाल्यापासून जरा तरी जुना झालाय, नवीन आणा.

नेकारवरचा_कुडाळकर
अजून दोन-तीन गोष्टी राहिल्या होत्या. ७८० काय आणि १०५० काय, हे "वार्म" आहे की "काल्ट" ते आधी विचारा. काल्ट म्हणजे नुसतं भाडं, हीटिंग-पाणी वर. आणि स्वयंपाकघर आहे का विचारा. हसू नका, इथे भाड्याच्या घरात पुष्कळदा ओटा, सिंक, कपाटं काही नसतं, आधीचा भाडेकरू उचलून घेऊन जातो, भिंतीतून नुसते दोन पाइप. आम्ही पहिले १२ दिवस बाथरूमच्या बेसिनमध्ये तांदूळ धुतले. डिपॉझिट जास्तीत जास्त ३ महिन्यांचं काल्ट भाडं घेऊ शकतात, ते आणि किचन मिळून पहिल्या महिन्यात खिसा रिकामा होतो, तेव्हा गाडी लगेच सुचणार पण नाही. शिवाय घराचा पत्ता नोंदवल्याशिवाय गाडी नावावर होत नाही.

मुलीचे किंडरगेल्ड, म्हणजे मुलांसाठीचा सरकारी भत्ता, महिना अडीचशेच्या वर मिळतात, अर्ज लगेच टाका. रेडिओ-टीव्हीची वर्गणी दर घरामागे महिना १८.३६ भरावीच लागते, टीव्ही नसला तरी. सगळ्या आकड्यांना शंभरने गुणत बसू नका, पहिल्या वर्षी ब्रेड पण घेववत नाही.

आणि हो, लायसन्स बदलून मिळालं की भारतीय लायसन्स ते ठेवून घेतात. मला माहीत नव्हतं. गणपतीला घरी आलो, बायको म्हणाली काढ गाडी, आणि मी जर्मन कार्ड घेऊन कुडाळला. ते पाच दिवस मेव्हण्याने ड्रायव्हर म्हणून काम केलं, अजून ऐकवतो.

वाशिष्ठीकाठ
नमस्कार, मी यांची बायको लिहितेय, यांचा आयडी उघडाच होता.

सगळं वाचलं. सगळ्यांनी "वहिनी घरात अडकतील" असं काळजीने लिहिलंय त्याबद्दल धन्यवाद, सोलकढीताई तुमचा बूट वाचून तर डोळ्यात पाणी आलं. पण यांनी एक गोष्ट सांगितली नाही. आमच्या घरात गाडी मी चालवते. हे बाइकवाले. चिपळूण-गुहागर माहेरी जाताना, यांच्या आईला डेरवणला दवाखान्यात नेताना, मुलीची बालवाडी, सगळं मीच. यांना रिव्हर्स येत नाही, हे घाटात माझ्या शेजारी बसून पायाने खोटा ब्रेक दाबतात. तर ६ महिने, परीक्षा, मान वळवणं, हे सगळं कोणी करायचं?

गजाली
आता बोल!!

तिरफळ
धाग्याचं लायसन्स जप्त.

नेकारवरचा_कुडाळकर
वहिनी, मग सगळं उलटंच करा. साहेबांनी ट्रेनने जावं, स्टेशनजवळ राहा. तुम्ही उतरल्या उतरल्या स्कूलमध्ये नाव घाला, ६ महिन्यांची मुदत संपायच्या आत परीक्षा, कारण तोवर भारतीय लायसन्सवर भाड्याची गाडी घेऊन हात बसवता येतो. फॉर्मला डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचा एक दिवसाचा कोर्स लागतो. गाडी विकत घ्यायची घाई नको, मोठ्या गावात कारशेअरिंग असतं, तासावर मिळते, महिन्याला दोन-चार वेळा पुरते. मुलीसाठी सीट मात्र स्वतःची ठेवा, १२ वर्षं किंवा दीड मीटर उंची होईपर्यंत सक्तीची आहे.

सोलकढी
आणि विमा तुमच्या नावावर काढा, नवऱ्याच्या नाही. वर्षं तुमच्या नावावर जमा होऊ देत. मी ही चूक केली, ७ वर्षं गाडी मी चालवली आणि रेकॉर्ड त्यांचं.

मेथांबा
+१. नो क्लेमचं पत्र पण मग वहिनींच्या नावाने निघेल का? पॉलिसी कोणाच्या नावावर आहे?

वाशिष्ठीकाठ
(बायकोच.) यांच्या. गाडीही यांच्या नावावर, हप्ते मी शाळेच्या पगारातून भरले.

उकडगरे
मग पत्र यांच्याच नावाने निघेल, त्याला इलाज नाही. इथे विमा गाडीच्या मालकाचा.

दाभोळ_दुबई
भाभी, साहेबांना रिव्हर्स शिकवूनच पाठवा. धोपावेच्या जेटीवर बोटीत रिव्हर्स चढवायला लावा एकदा, जर्मनीचा परीक्षक काहीच वाटणार नाही.

वाशिष्ठीकाठ
आता मीच. खूप दिवसांनी येतोय, घरात बोलणी खाऊन.

ठरलं असं. स्टेशनवालं घर, १०५० वार्मच आहे, किचन विचारलं तर घरमालकीण म्हणाली आहे पण आधीच्या भाडेकरूकडून ९०० ला विकत घ्या. गाडी पहिलं वर्ष नाही. लायसन्ससाठी बायकोचं नाव घालणार, लेखीचं इंग्रजी ॲप तिने आजच डाउनलोड केलं, पहिल्या चाचणीत ३० पैकी १९ बरोबर आले, माझे ११. वॅगनार बाबांच्या नावावर करतोय, फॉर्म भरून झालेत. बाबांनी लगेच तिच्यावर ताडपत्री पण घातली, मी अजून इथेच आहे तरी.

नो क्लेमचं पत्र मागायला गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने दोनदा विचारलं, पत्र कशाला, ॲपवर दिसतं की. म्हटलं लेटरहेडवर हवं, इंग्रजीत. असं आजवर कोणी मागितलं नाही म्हणाला, साहेब मंगळवारी येतील, तेव्हा या.

तिरफळ
कोणता मंगळवार ते विचारलं ना?